एका बोटाची दोन मतं

2024 च्या लोकसभेला नांदेड जिल्ह्यानं 26 एप्रिलला मतदान केलं आणि लोह्यानं 7 मे ला. लोहा नांदेड जिल्ह्यातच आहे. तहसील, पोलीस, जिल्हा परिषद, सातबारा सगळं नांदेडच्या हिशेबात. तरी जिल्ह्यातली बाकीची गावं बोटाची शाई दाखवत फिरत होती तेव्हा लोहा-कंधारकडच्या गावांत सभाच चालू होत्या, आणि त्या सभांतला उमेदवार लातूरचा होता. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला उलटं घडलं. नांदेड, भोकर, नायगाव, देगलूर, मुखेड इथल्या मतदारानं एका दिवशी दोन मतं दिली, एक आमदाराला आणि एक खासदाराला. लोह्याच्या मतदारानं एकच दिलं.

दिल्लीचं मत आणि मुंबईचं मत ही जोडी कधी एकत्र आली, कधी फुटली आणि कुणाच्या सोयीनं फुटली, हे बघायला लोह्याइतकी चांगली जागा नाही.

मराठवाड्याच्या मताचं वय तसं कमीच. निजामाच्या राज्यात इथल्या कुणब्याला मत नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याच वर्षी कंधार तालुक्यातल्या कल्हाळीनं रझाकारांशी लढा दिला होता. त्यानंतर चार वर्षांच्या आत त्याच माणसांच्या हातात मतपत्रिका आल्या, आणि त्या एकदम दोन आल्या. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. तिथल्या विधानसभेच्या 175 जागा आणि लोकसभेच्या 25 जागा, दोन्हींचं मतदान एकत्रच झालं.

पहिल्या निवडणुकीची मतपत्रिका आजच्यासारखी नव्हती. तिच्यावर उमेदवाराचं नावच नसे. रुपयाच्या नोटेएवढा गुलाबी कागद, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, त्यावर नंबर आणि एक जाड पट्टी. पट्टी हिरवट असली तर लोकसभा, चॉकलेटी असली तर विधानसभा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर पडायचं. एका उमेदवाराला एक पेटी, म्हणजे दोन निवडणुकांच्या मिळून खोलीभर पेट्या. अक्षरओळख नसलेल्या माणसाला लोकसभा म्हणजे काय आणि विधानसभा म्हणजे काय हे कुणी समजावलं असेल, तर त्या दोन रंगांच्या पट्ट्यांनी.

1957 ला गुंता वाढला. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता आणि नांदेड लोकसभेला दोन खासदार होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. तेव्हा तशी पद्धतच होती, एका मतदारसंघात दोन जागा. नांदेडनं काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले असे दोघे दिल्लीला पाठवले. कंधारनं विधानसभेला शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे निवडले. एकाच निवडणुकीत या भागानं तीन पक्षांना माप दिलं. तेव्हाच्या लाटा, हवा, काँग्रेसचा जोर या सगळ्यांबद्दल आपण आज जे ठोकळ बोलतो, ते या एका निकालापुढं टिकत नाही. 1961 च्या कायद्यानं दुहेरी मतदारसंघ गेले. 1962 पासून सगळ्या उमेदवारांची चिन्हं आणि नावं एकाच कागदावर छापलेली मतपत्रिका आली, शिक्का आला, आणि म्हैसूरच्या रंगाच्या कारखान्यातली न पुसणारी शाई आली. मतं दोन असली तरी शाईची रेघ एकच. त्या वर्षी नांदेडनं खासदार निवडला तो सोलापूरकडचा, तुळशीदास जाधव. बाहेरचा माणूस आणून उभा करायची रीत इथं पहिल्यापासूनची आहे.

1952, 57, 62, 67 अशा चार निवडणुका जोडीनं झाल्या. पाचवीला जोडी फुटली. लोक ‘एकत्र निवडणूक’ म्हणताना ती जशी काही राज्यघटनेतच लिहिली होती असं बोलतात. घटनेत तसं काही नाही. दोन्ही सभागृहांची मुदत पाच वर्षं आणि सुरुवात एकाच वेळची, म्हणून ती एकत्र होत राहिली. 27 डिसेंबर 1970 ला इंदिरा गांधींनी लोकसभा वर्षभर आधी बरखास्त करवली. काँग्रेस फुटली होती. जुन्या काँग्रेसवाल्यांचा जीव राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांत होता, आणि राज्याचे पुढारी मतदाराच्या डोळ्यांसमोर नसतील अशा दिवशी इंदिरा गांधींना निवडणूक हवी होती. मार्च 1971 ला लोकसभा झाली, मार्च 1972 ला महाराष्ट्राची विधानसभा. नांदेडचा मतदार पहिल्यांदा फक्त खासदार निवडायला घराबाहेर पडला.

तिथून पुढं गाडी रुळावर आलीच नाही. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढली, विधानसभेचीही वाढली. मार्च 1977 ची लोकसभा हा मात्र वेगळा दिवस होता. आणीबाणीत तुरुंगात बसून आलेले केशवराव धोंडगे नांदेडमधून खासदार झाले, तेही शेकापचे. शेजारच्या लातूरनं शेकापचेच उद्धवराव पाटील निवडले. दोन्ही लगतचे मतदारसंघ एका छोट्या, राज्यापुरत्या पक्षाकडं गेले, आणि ते घडलं दिल्लीच्या मतात. खासदारकी मोठ्या पक्षाची आणि आमदारकी गावच्या माणसाची, असं गणित मांडणाऱ्यांनी हा निकाल एकदा बघून घ्यावा.

1978 ची विधानसभा, जानेवारी 1980 ची लोकसभा, फेब्रुवारीत राज्यातलं पुलोद सरकार बरखास्त, मे 1980 ची विधानसभा. डिसेंबर 1984 ची लोकसभा, मार्च 1985 ची विधानसभा. नोव्हेंबर 1989, फेब्रुवारी 1990. तारखा जवळजवळ येत होत्या पण एक होत नव्हत्या. मधेच 1987 ला नांदेडची पोटनिवडणूक लागली, कारण खासदार शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होऊन मुंबईला गेले होते. त्या पोटनिवडणुकीत अशोक चव्हाणांनी प्रकाश आंबेडकरांना हरवलं. दिल्लीतला माणूस मुंबईला न्यायचा, मुंबईतला दिल्लीला, आणि प्रत्येक खेपेला मतदारानं पुन्हा रांगेत उभं राहायचं. एवढी निवडणूक तर दोन सभागृहांच्या तारखा जुळल्या असत्या तरी झालीच असती.

जोडी पुन्हा जमली ती 1999 ला, आणि पुन्हा गणितानंच. लोकसभा पडली होती, वाजपेयींच्या नावाची हवा होती, कारगिल ताजं होतं. राज्यातल्या शिवसेना-भाजप सरकारची मुदत अजून सहा महिने होती. दिल्लीच्या हवेत मुंबईचंही जहाज लोटून द्यावं असा विचार करून नारायण राणे सरकारनं विधानसभा आधीच बरखास्त करवली. 5 आणि 11 सप्टेंबरला दोन्ही मतं एकाच दिवशी पडली. शिवाय समोर काँग्रेस नुकतीच फुटलेली, राष्ट्रवादी वेगळी लढणारी. याहून सोपा पेपर कुणाला मिळणार? लोकसभेत युतीला 48 पैकी 28 जागा मिळाल्या, विधानसभेत 288 पैकी 125. सत्ता गेली. लातूरनं शिवराज पाटलांना सातव्यांदा दिल्लीला धाडलं आणि त्याच दिवशी विलासराव देशमुखांना मुंबईला, ते ऑक्टोबरात मुख्यमंत्री झाले. एका केंद्रावर, एकाच रांगेत उभं राहून राज्यभरच्या मतदारानं दोन वेगळी उत्तरं दिली. एकत्र मतदान घेतलं की लोक एकाच चिन्हावर दोन्ही मतं टाकतात, असं ठामपणे सांगणाऱ्या अभ्यासकांबद्दल मला आदर आहे. पण महाराष्ट्राचं 1999 ते वगळून का बोलतात, हे मला उलगडलेलं नाही.

त्याच वर्षी न्यायमूर्ती जीवन रेड्डींच्या विधी आयोगानं आपल्या 170 व्या अहवालात दोन्ही निवडणुका एकत्र घ्याव्यात अशी शिफारस केली होती. तिकडं कुणी फारसं बघितलं नाही.

तेव्हापासून महाराष्ट्राची लय ठरली ती अशी: लोकसभा एप्रिल-मेच्या उन्हात, विधानसभा सहा महिन्यांनी दसरा-दिवाळीच्या आसपास. लोहा-कंधारच्या माळावर या दोन ऋतूंचा अर्थ फार वेगळा होतो. एप्रिल-मेत रान मोकळं असतं, माणूस पारावर सापडतो, सभेला टेम्पो भरून जातो, प्यायच्या पाण्यावर आणि लग्नाच्या मांडवात राजकारण होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणीला आलेलं किंवा खळ्यावर पडलेलं असतं, कापूस वेचायला बाया मिळत नसतात, आणि तांड्यावरची माणसं कोयते बांधून उसाच्या पट्ट्याकडं निघालेली असतात. त्यांना मतापुरतं गावी आणायला गाड्या धाडाव्या लागतात. 2024 च्या नोव्हेंबरात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली. हा राग मेमध्ये कुणाच्या डोक्यात नसतो, कारण तेव्हा सोयाबीन पेरलेलंच नसतं.

2004 ला या सहा महिन्यांनी काय केलं बघा. मेमध्ये लातूरनं शिवराज पाटलांना पाडून भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांना निवडलं. ऑक्टोबरात निलंग्यात रूपाताईंचे चिरंजीव संभाजी पाटलांनी आजोबा शिवाजीराव पाटील निलंगेकरांना, म्हणजे माजी मुख्यमंत्र्याला पाडलं. आणि लातूर विधानसभेनं विलासरावांना परत पाठवलं, ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. पडलेले शिवराज पाटील राज्यसभेतून जाऊन देशाचे गृहमंत्री झाले ती गोष्ट निराळी.

आता लोह्याचं वेगळेपण. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 आणि विधानसभेच्या 288 जागा, म्हणजे एका खासदाराखाली बरोबर सहा आमदार. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाची फेररचना फेब्रुवारी 2008 ला लागू झाली तेव्हा नांदेड जिल्ह्याला नऊ जागा आल्या आणि लातूरला सहा. सहाचा पाढा बसवायचा तर जिल्हे कापावे लागतात. नांदेडच्या नवांपैकी सहा नांदेड लोकसभेत राहिल्या. किनवट आणि हदगाव हिंगोलीला गेले. आणि 88 क्रमांकाचा लोहा लातूरला. लातूरचा औसा तिकडं उस्मानाबादला देऊन टाकला होता, त्याची भरपाई. जुना कंधार मतदारसंघ नावापुरताही उरला नाही. लोहा तालुका आणि कंधारची बरीच गावं मिळून ‘लोहा’ झाला. नांदेड इथून तीस-पस्तीस किलोमीटर, लातूर शंभरच्या आसपास, अहमदपूर-चाकूर ओलांडून. कलेक्टर नांदेडचे, पण लोकसभेला निवडणूक निर्णय अधिकारी लातूरचे कलेक्टर. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरवते नांदेड जिल्हा परिषद. घोडे आणि गाढवं पाहायला, पालखीला हात लावायला पुढारी सगळीकडून येतात, पण तिथला खासदार लातूरचा.

या कापाकापीतली खरी मेख पुढं आहे. लातूर लोकसभा त्याच फेररचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, लोहा विधानसभा खुली राहिली. लोहा-कंधारच्या मन्याड खोऱ्यातल्या ज्या घराण्यांचं आयुष्य आमदारकीभोवती फिरतं, त्यांना आपल्याच मतदारसंघातून खासदारकीला उभं राहता येत नाही. म्हणून लोह्यात आमदारकीचं मत भावकीचं, मानापमानाचं, कोण कुणाच्या लग्नाला गेलं याचं असतं. खासदारकीला घरातलं कुणी उभंच नसतं. 2009 ला काँग्रेसनं लातूरला थेट कोल्हापूरकडचे जयवंतराव आवळे आणून उभे केले आणि ते निवडून आले. 1962 चे तुळशीदास जाधव आठवावेत.

घराण्यांना खासदारकी हवी असेल तर शेजारी जावं लागतं, आणि तसं झालंच. प्रतापराव पाटील चिखलीकर 2014 ला शिवसेनेकडून लोह्याचे आमदार झाले. 2019 च्या लोकसभेला ते भाजपकडून नांदेडमधून उभे राहिले आणि अशोक चव्हाणांना चाळीस हजारांवर मतांनी हरवून खासदार झाले. ज्या लोह्यानं त्यांना आमदार केलं होतं, त्या लोह्याला त्यांच्या खासदारकीचं एकही मत देता आलं नाही. त्या दिवशी, 18 एप्रिलला, लोहा लातूरसाठी रांगेत होता. सहा महिन्यांनी लोह्यानं त्यांच्या जागी त्यांचे मेहुणे, माजी सनदी अधिकारी श्यामसुंदर शिंदे निवडले, आणि तेही शेकापकडून. अख्ख्या महाराष्ट्रात त्या वर्षी शेकापचा हा एकच आमदार. केशवरावांचा पक्ष राज्यभर ओसरला आणि तेव्हा उरला तो त्यांच्याच खोऱ्यात.

मधे 26 मार्च 2023 ला लोह्यात एक सभा झाली, तिचा या मागोव्याशी संबंध आहे. सभा होती तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव (केसीआर) यांची, कंधार-लोह्याच्या नावानं गाजलेली. लोह्याचे माजी आमदार शंकरअण्णा धोंडगे त्यांच्या पक्षात गेले. शेतकऱ्याला एकरी मदत आणि चोवीस तास वीज, असं तिकडचं काय काय ऐकून लोक आले होते. याच केसीआरांनी सप्टेंबर 2018 ला आपली विधानसभा मुदतीआधी बरखास्त करवली होती. तोवर तेलंगणात लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत. मोदींच्या नावाचं मत आपल्या आमदारांवर सांडू नये म्हणून त्यांनी डिसेंबरातच विधानसभा उरकून घेतली आणि जिंकली. इंदिरा गांधींनी 1970 ला राज्याचे पुढारी टाळले, केसीआरांनी दिल्लीचा पुढारी टाळला, कृती तीच. डिसेंबर 2023 ला मात्र त्यांचं सरकार गेलं आणि लोह्याच्या माळावरचे त्यांच्या पक्षाचे गुलाबी झेंडे बघता बघता दिसेनासे झाले.

हीच काळजी असलेला एक देश तर कायदाच करून बसला आहे. ऑस्ट्रेलियात केंद्राच्या मतदानाच्या दिवशी, खास परवानगीशिवाय, राज्याचं मतदान घेता येत नाही. स्वीडनमध्ये बरोबर उलटं, दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या एका रविवारी देश, प्रांत आणि नगरपालिका तिन्हींचं मतदान, तीन रंगांच्या मतपत्रिका. दोन्हीकडं लोकशाही नीट चालली आहे. म्हणजे प्रश्न दिवसाचा नसून तो दिवस कोण ठरवतो याचा आहे.

2024 ला पुन्हा आपल्या सहा महिन्यांकडं येऊ. 4 जूनला चिखलीकर नांदेडमध्ये काँग्रेसच्या वसंतराव चव्हाणांकडून हरले. लातूरला, म्हणजे लोह्यालाही, काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे खासदार मिळाले. राज्यात महायुतीच्या वाट्याला 48 पैकी 17. जूनच्या शेवटी अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, महिना 1,500 रुपये. नोव्हेंबरात महायुतीचे 230 आमदार आले. ऑक्टोबरात चिखलीकर राष्ट्रवादीत, अजित पवारांकडं गेले आणि लोह्यातून आमदार झाले. विरोधात त्यांच्या सख्ख्या भगिनी आशाताई शिंदे शेकापकडून होत्या. जूनमध्ये लोकांनी घरी बसवलेला माणूस नोव्हेंबरात विधानसभेत. हे सहा महिने मतदाराला विचार करायला मिळतात, असं पुस्तकात लिहितात. माझ्या मते त्यांचा खरा फायदा हरलेल्यालाच होतो. सरकारला योजना आखायला, पुढाऱ्याला पक्ष बदलायला आणि दोघांनाही झालं गेलं विसरायला लावायला सहा महिने भरपूर होतात.

26 ऑगस्टला खासदार वसंतराव चव्हाणांचं निधन झालं. नांदेडची पोटनिवडणूक विधानसभेच्या दिवशीच लावली गेली. 20 नोव्हेंबरला तिथल्या केंद्रांवर दोन-दोन यंत्रं होती, पांढरी मतपत्रिका लोकसभेची आणि गुलाबी विधानसभेची. बोटाला शाई एकदाच लागायची आणि बटण मात्र दोनदा दाबायचं. 23 तारखेला निकाल आले ते असे: नांदेड लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या, आणि त्याच सहा ठिकाणच्या त्याच मतदारांनी खासदार मात्र काँग्रेसचा दिला. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी आले. सहानुभूती म्हणा, अशोक चव्हाण त्या फेब्रुवारीत भाजपमध्ये गेले त्याचा राग म्हणा, आमदाराला मत दिलं म्हणून खासदारालाही दिलंच पाहिजे असं नाही एवढं तरी हजारो लोकांना वाटलं. यंत्रांत घोटाळा झाला म्हणणाऱ्यांची इथं पंचाईत झाली आणि यंत्रांत काहीच होत नाही म्हणणाऱ्यांना आयता दाखला मिळाला. दोन्ही बाजूंनी नांदेड आपापल्या सोयीनं वापरून घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या 1999 ची आठवण फार कुणाला झाली नाही.

त्यानंतर महिनाभरातच, 17 डिसेंबरला, 129 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद समितीच्या अहवालावरून ते बेतलेलं होतं आणि पुढं संयुक्त समितीकडं गेलं. त्याचा गाभा असा: एका लोकसभेच्या पहिल्या बैठकीला तारीख मुक्रर करायची; त्यानंतर निवडलेल्या सगळ्या विधानसभा त्या लोकसभेबरोबरच संपवायच्या; मधेच एखादी विधानसभा पडली तर नवी येईल ती उरलेल्या काळापुरती. 2029 च्या लोकसभेपासून तारीख धरली तर पहिलं पूर्ण एकत्र मतदान 2034 ला येतं. महाराष्ट्राला फारसं काही हलवावं लागणार नाही, सहा महिन्यांचीच तर गोष्ट. दिवाळीनंतरची विधानसभा उन्हाळ्यात येईल. सोयाबीनचा भाव मग निवडणुकीत राहणार नाही, कोयत्यावर गेलेली माणसं बहुतेक परतलेली असतील, आणि पडलेल्या खासदाराला आमदार व्हायला पाच वर्षं थांबावं लागेल. यातलं शेवटचं सोडलं तर बाकीच्या दोहोंत कुणाचा फायदा आणि कुणाचा तोटा, हे लोह्याच्या मोंढ्यात आणि तांड्यावर वेगवेगळं ऐकायला मिळेल.

त्या आधी 2027 ची जनगणना आहे. 2001 च्या 84 व्या दुरुस्तीनं लोकसभेच्या जागा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या होत्या. त्यानंतर सीमा पुन्हा आखल्या जातील, राखीव जागा बदलू शकतील, महिलांच्या तृतीयांश जागाही त्याच फेररचनेला बांधलेल्या आहेत. पाढा सहाचाच राहील का सातचा होईल, आणि लोहा तेव्हा लातूरकडं राहील की नांदेडकडं येईल, यावर मन्याड खोऱ्यातल्या पुढाऱ्यांच्या घरी आत्तापासूनच नकाशे उलगडायला हरकत नाही.